या खेपेला समक्ष पाहून

आप्पा,

या खेपेला तुम्ही खरोखरच गेलात. खात्री करून लिहितो आहे.

मागच्या खेपेला तुम्ही कुठंच गेला नव्हतात आणि मी तुम्हाला पोहोचवून मोकळा झालो होतो, तेही एसटीच्या खिडकीतून. तेव्हापासून न्हावऱ्यात कुणी जरा जास्त आजारी पडलं की घरचे लोक एकमेकांना बजावतात, "त्या पेपरवाल्याला येवढ्यात कळवू नका. छापून मोकळा व्हईल." गावानं मला वार्ताहर म्हणून मानलं ते हे असं.

तुम्हाला ती गोष्ट तोंडपाठ. पण हे तुमच्याखेरीज इतरही वाचणार, म्हणून पुन्हा सांगतो. तसंही ती सांगताना तुम्ही मला कधी अडवलं नाहीत. दौंडच्या तुमच्या ओट्यावर नवा माणूस येऊन बसला, चहा झाला, की तुमचं फर्मान सुटायचंच: "न्हावरेकर, माझं मरण सांग यांना."

तर, तुमच्या वॉर्डातल्या पोरांनी तुमच्या पंचाहत्तरीचा फ्लेक्स चौकात लावला होता. पोरांना तुमचा रंगीत फोटो काही सापडला नाही. सापडणार कुठून? आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांचे फोटो छापायला पाठवलेत. शेवटी त्यांनी रेल्वेच्या ओळखपत्रावरचा काळापांढरा फोटो मोठा करून घेतला, भोवती झेंडूची महिरप काढली आणि खाली शुभेच्छुकांच्या वतीनं दोन जोडलेले हात छापले. मी कुरकुंभकडं निघालेल्या एसटीत खिडकीशी बसलो होतो. चेहरा दिसला, फुलं दिसली, जोडलेले हात दिसले. अक्षरं तेवढी दिसली नाहीत, कारण नेमकी उसाची ट्रॉली मधे आली. बस पुढं निघाली. उतरावं, चार पावलं मागं जावं, वाचावं, हे काही सुचलं नाही. मी तिथंच हुंदका दिला. कंडक्टरनं पाण्याची बाटली पुढं केली. शेजारच्या मावशींनी पाठीवरून हात फिरवत विचारलं, "कोन व्हतं तुमचं?"

"गुरू."

"मंग रडा," मावशी म्हणाल्या.

रडत रडतच मी मोबाइलवर बातमी लिहिली आणि कुरकुंभ यायच्या आत आपल्या साप्ताहिकाच्या कचेरीत पाठवून दिली. अंक त्याच दिवशी छपाईला जायचा होता. त्या बातमीत तुम्ही अल्पशा आजारानं गेलात. तुमची प्राणज्योत शांतपणे मालवली. अंत्यदर्शनासाठी दौंडकरांची रीघ लागली. पाहणाऱ्यांचे डोळे पाणावले. सारा परिसर सुन्न झाला. खरं म्हणजे या सगळ्या प्रकरणात मी धड पाहिलेली गोष्ट एकच, उसाची ट्रॉली. तीच बातमीत नव्हती.

अंक निघाला आणि फोन आला.

"न्हावरेकर का?"

"हो. कोण बोलतंय?"

"मयत बोलतोय."

मंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझा चेहरा बघून आधी गॅस बंद केला.

"आप्पा, तुम्ही..."

"झ्याक लिहिलंयस. वाचून माझंबी डोळं पाणावलं. फकस्त येवढं सांग, कुणी पाहिलं?"

हा तुमचा जुनाच प्रश्न. मी पहिली बातमी दाखवायला आणली तेव्हापासून ऐकत आलेलो. आग लागली? कुणी पाहिलं? सभेला प्रचंड प्रतिसाद? कुणी पाहिलं? पण ज्याचं मरण लिहिलं त्यानंच तो विचारावा, हा मान आपल्या तालुक्यांत बहुधा मला एकट्याला मिळाला असेल.

तुम्ही मला दौंडला बोलावून घेतलंत. डोळे तेव्हा अजून बरे होते तुमचे. कात्रण समोर ठेवलं होतं, तांबड्या पेनानं रंगवलेलं. 'रीघ लागली'च्या खाली 'कुणी पाहिलं?' 'डोळे पाणावले'च्या खाली 'कुणाचे? नावं?' आणि 'शांतपणे' या शब्दाभोवती मोठं वेटोळं, शेजारी 'कुणाला विचारलंस?'

तेवढ्यात तुमची लेक सुनंदाताई चहा घेऊन आली. तुम्ही तिच्याकडं बोट केलंत. "हिला इचार. मी आजवर कायतरी शांतपणे केलंय का?"

"आंघोळसुद्धा नाही," ताई म्हणाली आणि कप ठेवून गेली.

दुरुस्तीही तुम्हीच लिहून दिलीत. पुढच्या अंकात ती जशीच्या तशी छापली: 'आमचे दौंडचे वार्ताहर हयात आहेत. त्यांनी हे स्वतः पाहिले आहे.' संपादकसाहेब म्हणाले, आपल्या साप्ताहिकात इतकी पक्की बातमी पूर्वी कधी आली नव्हती.

मग चहा संपल्यावर तुम्ही म्हणालात, "आता ऐक. फुडल्या बारीला समक्ष यायचं. बघायचं आन् मंगच लिहायचं. न बघता माझं मरण दुसऱ्यांदा छापलंस तर मी वरनं येऊन कान धरीन. आमच्यात वर-बीर काय न्हाई, पर तुझ्यासाठी मानीन."

मी हसत हसत हो म्हणालो. पण आप्पा, ते 'हो' माझ्या मानेवर येऊन बसलं. कारण मला माझी जात... म्हणजे वार्ताहराची, माहीत. आग विझली की मी आगीला पोहोचतो. कुस्त्या संपल्या की आखाड्यात. न्हावऱ्यात म्हणतात, हा आला की समजायचं, झालं सगळं. असा माणूस तुमच्या शेवटच्या वेळेला वेळेवर पोहोचणार कसा? तुम्ही ते गमतीत म्हणाला असाल किंवा नसाल. मी मात्र त्या दिवसापासून दौंडहून कुणाचा फोन आला की आधी दचकायचो आणि मग हॅलो म्हणायचो.

तुमचं बघणं रेल्वेतलं. बातम्या हा जोडधंदा. दौंडच्या अलीकडच्या लहान स्टेशनात तुम्ही उमेदीची वर्षं काढलीत. न थांबणारी गाडी यायची तेव्हा हिरवा झेंडा धरून रुळांच्या कडेला उभं राहायचं आणि इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळी गाडी नजरेखालून घालायची. कुठं चाकातून धूर निघतोय का, कुठं साखळी लोंबतेय का, कुठं दार उघडं राहिलंय का. शेवटचा डबा नीट पार झाला, गार्डाचा झेंडा दिसला, की आपला झेंडा खाली. "लोकांना वाटायचं, बाबा नुसताच उभा हाय," तुम्ही म्हणायचात. "आरं, नुसता उभा राहायचाच पगार व्हता मला. न्हाई बघितलं तर डबा पेटतो."

बातमीतही तुम्ही तेच काम केलंत, फक्त तोंड फिरवून. जत्रेच्या आखाड्यात सगळं गाव मल्लांकडं बघायचं आणि तुम्ही आखाड्याकडं पाठ करून गावाकडं बघायचात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा वाटलं, म्हातारा रुसला. तुम्ही म्हणालात, "कुस्ती धा जण लिहित्याल. बघनाऱ्याचं तोंड कोन लिहिनार?" त्या वर्षीची तुमची बातमी मला अजून आठवते. कुणी म्हातारा शेजाऱ्याचा दंड आवळून बसला होता आणि डाव सुटल्यावर दोघांनाही कळेना दंड कुणाचा. लाउडस्पीकरवाला बोलायचं विसरून माइक छातीशी धरून उभा होता. एका बाईनं भीतीनं डोळे मिटले होते आणि शेजारणीला विचारत होती, "झालं का गं?" वाचताना अंगावर काटा यायचा. फक्त कुस्ती कुणी मारली ते बातमीत नव्हतं. साहेबांचा फोन आला.

"आप्पा, जिंकलं कोण?"

"साहेब, ते तेवढं बघायचं राहिलं."

तेव्हा तुम्हीही काही धुतल्या तांदळाचे नव्हता. हे मी तुमच्या तोंडावर अनेकदा म्हटलंय, आता पाठीमागं म्हणायला हरकत नाही.

पुढं काचबिंदूनं तुमचे डोळे मंदावत गेले. अक्षर दिसेना तसा मी रविवारी दौंडला येऊ लागलो. न्हावऱ्याहून चौफुला, तिथून वरवंड, कुरकुंभ आणि तुमचं घर. मंदा म्हणायची, "देवळात जाता तसं जाताय." मी म्हणायचो, देवळात शिव्या खाव्या लागत नाहीत. तुमच्या पलंगाखाली साप्ताहिकाच्या जुन्या अंकांचे गठ्ठे होते आणि त्याहून जुनी, तुम्ही रद्दीवाल्याकडून सोडवून आणलेली वर्तमानपत्रं. मी वाचायचं, तुम्ही ऐकायचं. वाचता वाचता आपल्याला एक खेळ सापडला. बातमी कशाचीही असो, तिच्यात बघणारा कुठं उभा आहे ते हुडकायचं.

सगळ्यात जुन्या, बोट लावलं की भुगा होणाऱ्या कागदांत बघणारे नुसते उतू जायचे. गावात पहिली मोटार आली तर तिच्या आधी तिला बघायला वेशीपर्यंत आलेल्या बायका, कडेवरची पोरं, भाकरी तव्यावर टाकून धावलेली एखादी. भीमेला पूर आला तर पाणी किती चढलं ते शेवटी, आधी पुलावरची माणसं, कौलांवरची माणसं. झाडांवर तर इतकी, की तुम्ही मला थांबवून विचारलंत, "त्या काळात चिंचंच्या झाडाला चिंचा लागायला जागा तरी उरायची का रं?" वार्ताहरही स्वतःला लपवत नसे. 'आम्ही समक्ष पाहिले' असं ठणकावून लिहायचा. आणि एका बातमीत तर, 'दाटीमुळे आम्हांस नीट दिसले नाही', असंही निघालं. ते ऐकून तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "ह्याला म्हंत्यात वार्ताहर! दिसलं न्हाई तर न्हाई म्हनतोय." आणि माझ्याकडं वळलात. तुम्हाला तेव्हा फारसं दिसत नव्हतं, पण माझ्याकडं नेमकं कधी वळायचं ते बरोबर कळायचं.

मग कागद जरा पांढरे झाले आणि त्यांच्यातलं 'आम्ही' गेलं. त्याच्या जागी 'प्रत्यक्षदर्शींनी सांगितले' आलं. हा प्रत्यक्षदर्शी कोण असतो ते मला चांगलं ठाऊक आहे. माझे सगळे प्रत्यक्षदर्शी शिरूर रस्त्याच्या एकाच टपरीवर बसतात आणि त्यांनी आपल्या जागेवरून न उठता तालुक्यातले सगळे अपघात पाहिलेले आहेत. त्यानंतर 'बघ्यांची गर्दी' आली. चिंचेवर चढलेली तीच माणसं, पण आता ती वाहतूक खोळंबवू लागली. पुढं 'बघ्याची भूमिका' आली, म्हणजे बघणं ही शिवीच झाली. आणि आता, मी आजचा अंक वाचला, 'घटना सीसीटीव्हीत कैद.'

"म्हंजी आता खांब बघतो," तुम्ही म्हणालात. "बघू दे. त्याचंबी डोळं हायेत. पर खांबाला इचारता येतंय का, बाबा रं, तवा तुला काय वाटलं?"

'बघ्याची भूमिका' या शब्दांवरून आपलं जे भांडण झालं ते काही मिटलं नाही. वरवंडजवळ हायवेला कांद्याचा टेम्पो उलटला होता आणि मी लिहिलं होतं, 'नागरिकांनी मदत करण्याऐवजी बघ्याची भूमिका घेतली.' तुम्ही तेवढं वाक्य पुन्हा वाचायला लावलंत.

"हे नागरिक कुठं उभं व्हते?"

"रस्त्यावर."

"रस्त्यावर कुठं? कडंला का मधी?"

मी डोळे मिटून आठवलं. मधे होते. आडवी ओळ करून, मागून येणाऱ्या गाड्यांना हात करत.

"मंग गाड्या थांबल्या का?"

"थांबल्या."

"आन् तू कुठं व्हतास?"

"समोरच्या टपरीवर."

"मंग बघ्या कोन?"

मी चिडलो होतो त्या दिवशी. म्हटलं, आप्पा, तुमच्या त्या ओळीत हात करणारे दोघंचौघं, बाकी सगळे मोबाइल वर धरून उभे होते, त्यांचं काय? तेही कामच का? तुम्ही म्हणालात, ज्याचा हात अडकला तो बघत नाही, तो साठवतो, मग घरी जाऊनही बघत नाही. मी म्हटलं, तुमच्या चिंचेवरच्या माणसांकडं मोबाइल असते तर त्यांनीही शूटिंगच काढलं असतं. तुम्ही म्हणालात, "पडलं असतं झाडावरनं." मी म्हटलं, हे उत्तर नव्हे. तुम्ही म्हणालात, "उत्तर न्हाईच. चहा सांग." यावर मला अजून बरंच बोलायचं होतं. घरी परतताना चौफुल्यापर्यंत मी हेल्मेटमध्ये एकटाच बोलत जायचो आणि प्रत्येक वेळी जिंकायचो.

एका रविवारी मात्र तुम्ही ज्याबद्दल मी कधी विचारलं नव्हतं ते सांगितलंत. बातमी जुन्या जत्रेची होती: 'सर्व ग्रामस्थांनी कुस्त्यांचा आनंद लुटला.' तुम्ही हात वर करून मला थांबवलंत.

"सर्व न्हाई," तुम्ही म्हणालात. "आमची वस्ती मागं उभी राहायची. लय मागं. तिथनं आखाडा दिसायचा न्हाई. दिसायच्या त्या बघनाऱ्यांच्या पाठी. माझा बाप त्या पाठींवरनं वळखायचा कुस्ती कुठवर आली. पाठ ताठली, म्हंजी डाव लागला. खांदं पडलं, म्हंजी आपल्याकडचा गडी गेला. मलाबी तसंच शिकिवलं त्यानं."

मला इतकी वर्षं वाटत होतं, की आखाड्याकडं पाठ करणं ही तुमची लकब आहे, वार्ताहरी चातुर्य आहे. मी तर न्हावऱ्याच्या जत्रेत एकदोनदा तुमची नक्कलही करून बघितली होती आणि एक चपळ गडी माझ्या अंगावर येऊन पडला होता. तुम्ही ते सांगताना कुठं कडू झाला नाहीत. उलट मिश्किल हसलात. "फुडं मला पेपरचं कार्ड मिळालं. कार्ड दावलं की पयल्या रांगंत खुर्ची. गेलो, बसलो. आन् बघतो तर काय, मला कुस्तीच कळंना! सवय पाठींची. मंग उठलो, वळलो, तवा कुठं सगळी तोंडं दिसली. आयुष्यात पैल्यांदा, समोरनं."

त्यानंतर तुमच्याशी वाद घालताना माझा आवाज जरा खाली आला. तुमच्या लक्षात आलं असणार. तुम्ही मुद्दाम जास्त डिवचायला लागलात.

आता त्या दुपारचं.

डॉक्टरांनी तुम्हाला आता घरी न्या म्हणून सांगितल्याचं मला ठाऊक होतं. ताईचा फोन आला तेव्हा मी रानात कांद्याच्या ढिगापाशी होतो, काढणीची माणसं लावलेली. ताई एवढंच म्हणाली, "भाऊ, घाई काही नाही. आप्पा आठवण काढतायत. जमलं तर या." मी म्हणालो, उद्या येतो, एवढं रान उरकलं की. मंदानं माझ्या हातातून फोन काढून घेतला, ताईला "निघालेच हे" म्हणून सांगितलं आणि माझ्याकडं वळली.

"मागच्या बारीला न जाता मारलंत त्यांना. आता जितेपणी तरी जाऊन या!"

गाडीला किक मारली. तुमच्याकडं येताना काही घोळ झाला नाही असं कधी झालंय का? वरवंडजवळ पेट्रोल संपलं. गाडी एका हॉटेलाच्या मागं लावली आणि हात करून कांद्याचा पिकअप थांबवला. पुढं जागा नव्हती, म्हणून मागं गोण्यांवर बसलो. वाटेत दौंडच्या चौकात एक फ्लेक्स दिसला, काळापांढरा फोटो, फुलं, जोडलेले हात. मी पिकअपच्या टपावर थापा मारल्या, "थांबव! थांबव!" उतरलो, मागं पळत गेलो आणि वाचलं. कुणा आजोबांचा वाढदिवस होता. ड्रायव्हर म्हणाला, "काय झालं काका?" मी म्हणालो, "काही नाही, खात्री करून घेतली." आप्पा, तेवढं तरी मी शिकलो, याची नोंद घ्या.

तुमच्या खोलीत पाऊल टाकलं आणि तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "कांदा आला का?"

"मीच आलोय, आप्पा."

"तेच म्हनतोय."

श्वास तुटक येत होता. ताई उशाशी बसली होती, तुमच्या छातीवर हात ठेवून. मी पलंगाजवळ स्टूल ओढलं. माझं सगळं लक्ष तुमच्या चेहऱ्यावर. मनात एकच, आता नजर हलवायची नाही. या खेपेला चुकायचं नाही. तुम्हाला ते न बघताही कळलं असावं.

"माझ्याकडं काय बघतोस?" तुम्ही म्हणालात. "खिडकीपाशी जा. काय दिसतंय सांग."

"आप्पा, मी इथंच..."

"जा म्हंतो ना."

ताईनं मान हलवली. मी उठलो, खिडकीशी गेलो. माझी पाठ तुमच्याकडं झाली.

"गल्ली दिसतेय."

"गल्ली म्हंजी काय? मानसं सांग."

मी सांगू लागलो. समोरच्या मावशी उंबऱ्यात मेथी निवडत बसल्यात, पण मेथीकडं बघत नाहीयेत. त्या वर बघतायत. एक एसटीचा ड्रायव्हर डबा घेऊन घरी निघालाय, तोही थांबला. तोही वर. सगळी गल्ली वर बघतेय.

"काय बघत्यात?"

मी वाकून पाहिलं. कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या छपरावर शेळी चढली होती. भिंतीवरून गेली असावी, आता तिला खाली येता येत नव्हतं.

"शेळी चढलीय पत्र्यावर."

"कुनाची?"

"मावशींची असणार. त्यांच्या हातातली मेथी तशीच राहिलीय. त्या ओरडत नाहीयेत. तोंडावर हात ठेवलाय."

"चढतंय का कुनी वर?"

"अजून नाही. सगळे सल्ला देतायत."

तुम्ही हसलात. त्या हसण्यानं थोडा खोकला आला. मग म्हणालात, "फुडं?"

मी पुढं सांगत राहिलो. ड्रायव्हरनं डबा खाली ठेवला. कुणीतरी शिडी आणायला पळालं. कुणी हिरव्या पाल्याचा डहाळा दाखवतंय. मोटारसायकलवरचा एक माणूस गाडी बंद करून नुसताच बघतोय, एक पाय जमिनीला टेकवून, त्याचा मोबाइल खिशातच आहे, आप्पा, तुमचं म्हणणं खरं धरायला हा एक माणूस सापडला. लांब जंक्शनकडं मालगाडीची शिट्टी झाली. शेळीनं मान वळवली. मावशी उभ्या राहिल्या. शेळी दोन पावलं मागं सरली, सगळी गल्ली गप्प झाली, आणि तिनं स्वतःहून, कुणाचंही न ऐकता, खालच्या भिंतीवर उडी टाकली आणि तिथून ओट्यावर.

"आली खाली!" मी म्हणालो. "आप्पा, आली! टाळ्या वाजवतायत सगळे!"

तुम्ही 'फुडं?' म्हणाला नाहीत.

मी वळलो. तुमच्याकडं बघायच्या आधी ताईचा चेहरा दिसला, कारण तीच माझ्यासमोर होती. ती तुमच्याकडं बघत होती. तिचा हात अजून तुमच्या छातीवर होता. घाबरलेली नव्हती ती, दचकलेलीही नव्हती. ज्याच्या समोरून सगळी गाडी नीट निघून गेली, शेवटचा डबा पार झाला, कुठं धूर नाही, ठिणगी नाही, त्या माणसानं झेंडा खाली घ्यावा, तसा तिचा चेहरा सैलावत आला. मी तो चेहरा पुरता बघितला. मग तुमचा.

बऱ्याच वेळानं ताई म्हणाली, "आयुष्यात एवढी एकच गोष्ट आवाज न करता केली हो आप्पांनी." आणि मग तिला रडू आलं, आणि मलाही. बाहेर मावशी अजून शेळीला शिव्या देत होत्या.

आप्पा, तुम्ही मला मुद्दाम खिडकीशी पाठवलंत का? की खरंच गल्ली बघायची होती? हे आता कुणाला विचारू? मी इतकी वर्षं धास्ती घेऊन होतो, की नेमका त्या वेळेला मी लांब असेन. होतो कुठं, तर सात-आठ पावलांवर, आणि तुमच्याकडं पाठ करून. आधी वाटलं, पुन्हा हुकलं. मग घरी येताना, मोटारसायकल वरवंडहून घेऊन चौफुल्याकडं वळताना, एकदम हलकं वाटलं. हेल्मेटमध्ये मी पहिल्यांदाच तुमच्याशी भांडत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेत माणसं किती होती ते मी मोजलं नाही. चौकात मात्र मी तुमच्या पद्धतीनं एकदा वळून उभा राहिलो. तुमच्या वॉर्डातली फ्लेक्सवाली पोरं रडत होती. रेल्वेतले तुमचे जुने सोबती रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे होते, ताठ, हात खाली, आणि गाडी जावी तसे तुम्हाला शेवटपर्यंत नजरेनं पोहोचवत होते. मेथीवाल्या मावशी पदराचं टोक चावत होत्या. त्यांचे डोळे पाणावले, हे मी लिहिलंय. नावासकट.

बातमी पाठवण्याआधी ताईला वाचून दाखवली. 'रीघ' काढली. 'परिसर सुन्न' काढलं, कारण परिसरात शेळीवरून चर्चा चालू होती. 'अल्पशा आजाराने' तर कधीच काढलं होतं. ताईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "एक शब्द राहिलाय मागच्या बातमीतला."

तो ठेवलाय, आप्पा. शांतपणे.

कुणी पाहिलं विचाराल, तर तुम्हाला ताईनं पाहिलं. आणि ताईला मी.